अनुभव हवेत : बीएसएल झालं, एलएलबी केलं नाही. पुढे काय केलंत?

माझ्या बहिणीची मुलगी यंदा बीएसएलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिने घरात जाहीर केलं की पुढची दोन वर्षं करायची नाहीत. तिचे बाबा चिडले, आजीने तर बोलणंच टाकलं. बहिणीने मला फोन केला, कारण आमच्या नात्यात हा रस्ता आधी धरलेली मी एकटीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : काही विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात तीन वर्षं झाली की बीएसएल ही पदवी मिळते. मुंबईत तिला बीएलएस म्हणतात. स्पर्धा परीक्षेला पदवीधर म्हणून ती चालते. वकिलीची सनद मात्र मिळत नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे वकिली करायची तर एलएलबी आणि बार कौन्सिलकडे नोंदणी हवीच. या दोन टोकांच्या मधे आपण कोण, हा प्रश्न मला पहिली काही वर्षं फार छळायचा. म्हणून भाचीसाठी, आणि तिच्यासारख्या इतरांसाठी, तुमचे अनुभव लिहा. काम काय करता, त्यात कसे शिरलात, कुठे अडलात, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून करते.

२००८ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला आणि मी कॉलेज सोडलं. एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंगला लागले. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. म्हणजे खालचं प्रकरण अपिलात वर गेलं की फिर्याद, जबाब, पंचनामा, सातबारा, कधी निकालपत्रसुद्धा इंग्रजीत करावं लागतं. ऑफिसात ते कुणालाच नको असायचं. मी मागून घेतलं.

पहिल्याच महिन्यात 'वहिवाट' या शब्दाने मला अडवलं. शेतकरी जबाबात म्हणतो, 'सदर जमिनीत माझी वहिवाट आहे.' म्हणजे ताबा आहे? की तो नुसता कसतो? की बांधावरून जायची-यायची जुनी रीत आहे? इंग्रजीत या तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत, आणि चुकीचा निवडला तर अख्ख्या दाव्याचा अर्थ फिरतो. मी अंदाजाने शब्द टाकला होता. साहेबांनी कागद परत दिला, म्हणाले, "बाई, हा माणूस याच एका शब्दावर बारा वर्षं भांडतोय." त्या दिवसापासून अंदाज बंद. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' टेबलावर असतो, आणि शंका आली की विचारते, मग रात्रीचे दहा वाजलेले असोत. भाषांतर बरोबर असल्याची सही वकील करतात, माझं नाव कुठेच येत नाही. आता पाच ऑफिसांची कामं पानाच्या हिशोबाने घरी येतात. बीएसएलची तीन वर्षं नसती तर 'हुकूमनामा' आणि 'हुकूम' यांतला फरक मला कळला नसता.

आता तुम्ही लिहा.

नाशिकहून

ताई, तुम्ही वहिवाटीचं लिहिलंत, म्हणून आधी माझंच लिहितो. मी सर्चची कामं करतो. जमीन किंवा फ्लॅट घ्यायच्या आधी, बँकेने कर्ज द्यायच्या आधी, साधारण तीस वर्षांचे कागद तपासायचे असतात. दुय्यम निबंधकाकडची इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहारांची सूची), तलाठ्याकडचे सातबारा आणि फेरफार (नाव बदलल्याच्या नोंदी), नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक. टायटलचा, म्हणजे मालकी स्वच्छ असल्याचा, दाखला वकीलच देतात. त्याखालचं खोदकाम माझं.

कॉलेज सोडलं तेव्हा मला वाटायचं, ही कारकुनी. पण करार कायदा, वारसा कायदा वाचलेला माणूस आणि नुसती इंडेक्स उतरवून आणणारा माणूस यांत काय फरक पडतो ते एका प्रकरणात कळलं. सिन्नरकडची जमीन होती. फेरफार स्वच्छ, बोजा नाही, विकणारे दोघे भाऊ. इतर हक्काचा रकानाही कोरा. मी मागे गेलो. वडील १९८७ मध्ये वारले होते. वारसनोंदीच्या फेरफाराला जोडलेल्या जबाबात तीन बहिणींची नावं होती, नोंदीत मात्र फक्त भाऊ. हक्कसोडपत्र कुठेच नाही. गिऱ्हाईक माझ्यावरच भडकलं, इसार देऊन बसलं होतं. चार महिन्यांनी त्याच गृहस्थांनी पेढे आणले, कारण मधल्या बहिणीने दावा लावला होता आणि यांचे पैसे वाचले होते.

या कामाला येणाऱ्यांनी दोन गोष्टी शिकाव्यात. जुनं हस्ताक्षर वाचायला शिका. आणि जमलं तर मोडी शिका. जुन्या दप्तरातले मोडी कागद वाचणारी माणसं आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि सगळे त्यांच्या दारात उभे असतात.

ठाण्याहून

मी कंपनी सेक्रेटरी झाले. बीएलएसनंतर थेट सीएसकडे वळले. कंपनी कायदा, करार, सेबीचे नियम, सगळं ओळखीचं वाटलं. अकाउंट्सने मात्र रडवलं, एक ग्रुप दोनदा गेला. परीक्षांव्यतिरिक्त २१ महिन्यांचं प्रशिक्षण असतं आणि त्यातलं विद्यावेतन मुंबईत पुरत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. भरणा भांडवल १० कोटी झालं की खाजगी कंपनीलाही पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावा लागतो, त्यामुळे नोकऱ्या आहेत. सभेचं इतिवृत्त नीट लिहिता येणं हे माझं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

गडचिरोली जिल्ह्यातून

मी बीएसएलनंतर समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं आणि एका छोट्या संस्थेमार्फत वनहक्काच्या कामात आलो. २००६ चा वनहक्क कायदा आम्हाला कॉलेजात जेमतेम ऐकायला मिळाला होता. इथे तो रोज हातात असतो. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यामुळे इथल्या ग्रामसभांना नियम आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. पहिलं वर्षभर मी शिकवलं काहीच नाही, नुसता शिकलो.

काम असं : दावेदाराने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसल्याचे किमान दोन पुरावे जोडायचे असतात. लोकांना वाटतं, पुरावा म्हणजे सरकारी कागद, आणि तो नसतो. पण नियमांत म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. विहीर, बांध, दफनभूमी, देवाची जागा हेसुद्धा पुरावे आहेत. एका आजींचा दावा 'पुरावा अपुरा' एवढे दोन शब्द लिहून परत आला होता. आम्ही ग्रामसभेपुढे बसून त्यांच्या शेजाऱ्याचा जबाब घेतला, सासऱ्याच्या थडग्याच्या दगडाचा पंचनामा केला, आणि ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अपील टाकलं. आजींना दीड हेक्टरचा पट्टा मिळाला. त्यावर नवऱ्याबरोबर त्यांचंही नाव आहे, कारण कायदाच तसं म्हणतो.

या समित्यांपुढे ग्रामसभेच्या माणसाला स्वतः बोलता येतं. सनद कुणी विचारत नाही. कायदा सोप्या भाषेत सांगणारा आणि अर्ज नीट लिहिणारा माणूस लागतो. मानधन फार कमी आहे, लग्नाच्या वेळी त्यावरून बरंच ऐकलं. तरी दुसरं काम करावंसं वाटलेलं नाही.

लातूरहून

जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. टायपिंग आणि शॉर्टहँडच्या सरकारी परीक्षा दिल्या, ८० च्या वेगाची चाचणी पार केली. न्यायाधीश साहेब साक्ष लिहून घ्यायला सांगत असतात तेव्हा ती कायद्याच्या भाषेत कशी बसते हे ओळखणारा लघुलेखक कमी चुका करतो. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ हे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० हे ३१८ झालं, आणि जुन्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं राहिली. तेव्हा आमच्या इथे दोन्ही कायद्यांचा तक्ता मी तयार करून सगळ्या टेबलांवर वाटला. नोकरी पक्की आहे, पेन्शनचे नियम तेवढे आधी वाचून घ्या.

न्यू जर्सीहून

लग्नानंतर इथे एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याची जोडीदार म्हणून, आले. कामाची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या ज्यांचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर आहे त्यांच्या जोडीदारांना परवाना मिळू लागला. तोवर मी कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा, अभ्यासक्रम केला होता. आता इमिग्रेशनच्या ऑफिसात आहे. मार्चमध्ये एच-१बीची नावनोंदणी असते, वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा. ते पंधरा दिवस आम्ही घरी फक्त झोपायला जातो.

इथे पॅरालीगलने कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, ही रेघ फार कडक आहे. फोनवर मराठी आवाज आला की समोरचा म्हणतो, "ताई, तुम्हीच सांगा ना, नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल?" उत्तर मला माहीत असतं. तरी म्हणते, "दादा, वकिलांशी जोडून देते." जड जातं. पण माझ्या एका वाक्यावर कुणी घर विकायचं ठरवलं तर?

कोल्हापूरहून

मी थोडं वेगळं लिहितो. बीएसएलनंतर विमा कंपनीच्या मोटार अपघात दाव्यांच्या विभागात अकरा वर्षं काढली. मयताचं वय ३१ ते ३५ असेल तर गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणून भरपाई काढतात तो आकडा) १६, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालापासून आम्हाला पाढ्यासारखं पाठ. हिशोब मी करायचो, तडजोडीचा आकडा मी काढायचो, आणि न्यायाधिकरणात बोलायला दुसराच. एकदा समोर एक विधवा बाई बसली होती आणि मला दिसत होतं की तिच्या वकिलाने भविष्यातली पगारवाढ धरलेलीच नाही. मी कंपनीचा माणूस, गप्प बसलो.

नंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी केलं, वयाच्या पस्तिशीत. दोन वर्षं वाचवली होती, त्यांच्या जागी तीन द्यावी लागली. ज्यांना मनात कुठेतरी कोर्टात उभं राहायचं आहे त्यांनी सोडू नका. आता मी दावेदारांच्या बाजूने उभा असतो.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

मावशीने ज्या भाचीबद्दल लिहिलंय ती मीच. सगळं दोनदा वाचलं. कोल्हापूरचे दादा, तुमचं वाचून रात्रभर विचार केला. मला कोर्टात बोलायचं नाहीये, हे अजूनही खरं वाटतंय. कागद वाचायला मात्र आवडतात. नाशिकचे दादा, सर्चचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

नाशिकहून

स्वतःच्या घरापासून कर. गावाकडची जमीन असेल तर सातबारा काढ, त्यावरचे फेरफार क्रमांक उतरव, आणि एकेक फेरफार मागे जात वाच. जुने 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दे. प्रत्येक ठिकाणी विचार : हे नाव कुठून आलं, आणि आधीचं कुठे गेलं? साखळी तुटेल तिथे थांब आणि इथे लिही.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

तीन आठवडे लागले. साखळी १९९४ ला तुटते. आजोबा गेले तेव्हाच्या वारसनोंदीत बाबा आणि काका आहेत. आजी नाही, आत्या नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस, एवढं मला परीक्षेसाठी पाठ होतं.

काल फेरफाराची प्रत आजीला वाचून दाखवली. मी कॉलेजचं सांगितल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. तिने चष्मा लावला, मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "माझं नाव कुठे असायला हवं होतं, तिथे बोट ठेव."