हॉपकिन्स की प्लासेन्सिया?

मध्य अमेरिकेतील बेलीझमध्ये मार्चअखेर आई-वडिलांसह जायचे असेल, तर हॉपकिन्स आणि प्लासेन्सिया या किनाऱ्यावरील दोन गावांपैकी कोणते निवडावे, असा येथे प्रश्न आहे. उपाहारगृहे जास्त म्हणून प्लासेन्सियाच निवडावे, हा त्यावर बहुतेकांनी दिलेला सल्ला मला पुरेसा वाटत नाही. सोयीच्या बाबतीत ते गाव सरस आहे, हे मान्य. तेथे छोट्या विमानांची धावपट्टी आहे, आणि घरांमधून समुद्राला समांतर जाणारी, जेमतेम चार फूट रुंदीची प्रसिद्ध पायवाट वाहनांपासून मुक्त असल्याने ज्येष्ठांना निर्धास्त फिरता येते. हॉपकिन्सला मात्र डांग्रिगा या जवळच्या शहरापर्यंत विमानाने येऊन पुढे टॅक्सी करावी लागते.

तरीही माझा कौल हॉपकिन्सला आहे, कारण ते गारिफुना (आफ्रिकी आणि कॅरिबियन मूलनिवासी अशा मिश्र वंशाच्या) लोकांचे नांदते गाव आहे आणि ज्यांच्या भाषेला, नृत्याला व संगीताला युनेस्कोने 2001 मध्ये मानवतेचा ठेवा म्हणून गौरवले, त्यांचे ढोल तेथे शिकायलाही मिळतात. 'हुदुत' अवश्य खावे: लाकडी उखळात कच्ची-पिकी केळी कुटून केलेला गोळा आणि सोबत नारळाच्या दुधातले मासे, कोकणी जिभेला हे परके वाटणार नाही. जॅग्वारसाठी राखलेले कॉक्सकोम्ब अभयारण्यही येथून अधिक जवळ आहे (जॅग्वार दिसेलच, या भरवशावर मात्र जाऊ नये).

व्हेल शार्क पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर प्लासेन्सियाला पर्याय नाही; मार्च ते जून या काळात पौर्णिमेच्या आसपास ते तेथील ग्लॅडन स्पिट या प्रवाळभित्तीच्या टोकाजवळ येतात. सारगॅसम शेवाळ दोन्हीकडे किनाऱ्याला लागते, त्यामुळे आरक्षणापूर्वी यजमानांकडून किनाऱ्याची ताजी छायाचित्रे मागवावीत.