फायबरच्या होडीला तळाशी भोक पडलंय, पावसाळ्यात घरीच दुरुस्त करता येईल का?

देवबागची_लाट

नमस्कार मंडळी. आमची होडी फायबरची आहे, २२ फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन. मालवणजवळ देवबागला खाडीच्या अंगाला बांधतो. सीझनला पर्यटक आणि एरवी वडील आणि मी जाळी टाकायला जातो. मे अखेरीस जो वारा सुटला त्यात दोर तुटला आणि होडी रात्रभर धक्क्याच्या दगडांवर आपटत राहिली.

नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) चारेक फूट मागे, उजव्या बाजूला, पाण्याखाली राहतो त्या भागात भोक पडलंय. साधारण २० बाय १२ सेंटिमीटर. कडेचे धागे बाहेर आलेत, आणि भोकाच्या भोवती वीतभर भाग पांढरट झालाय. तिथे जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. आत भोकाला लागूनच एक आडवी रिब (तळाला आधार देणारी फासळी) आहे, तिच्या मुळाशी केसाएवढी भेग दिसते. तळाची जाडी भोकात पट्टी घालून मोजली, ६ मिलिमीटर भरली.

आता मासेमारीला बंदी आहे ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे वेळ आहे. होडी वर ओढून माडाच्या झापांच्या मांडवात उलटी घातलीय. फायबरचं काम करणारे दोघे आहेत जवळपास, पण दोघांकडे ऑगस्टपर्यंत जागा नाही. शेजारी म्हणतात, आतून पत्रा मार, रिव्हेट ठोक, कडेने एम-सील भर, दोन वर्षं बघायला नको. मला ते पटत नाही, कारण या होडीत माणसं बसतात. हात चालवायची तयारी आहे, घरात ग्राइंडर आहे. कुठलं रेझिन (फायबरचे थर धरून कडक होणारं द्रव), किती थर, आणि या पावसात ते धरेल का, एवढं कोणी अनुभवी सांगेल का?

---

जुना_नाखवा

पत्रा मारू नका, हे आधी सांगतो. रिव्हेटचं प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत शिरायची नवी वाट. फायबर लाटेवर थोडं लवतं, पत्रा तेवढा लवत नाही, मग वर्षभरात रिव्हेटभोवती चिरा जातात. एम-सील मी पण होडीत ठेवतो, पण ते भर समुद्रात पाणी थांबवून किनाऱ्याला लागण्यापुरतं.

मी हर्णैच्या बाजूचा. फायबरच्या होड्या बांधायच्या आणि दुरुस्त करायच्या कामात माझी उमर गेली. तुमचं काम घरी होण्यासारखं आहे. सामान थोडं लागतं, धीर जास्त लागतो. भरायच्या कामाला एक दिवस पुरतो. त्याच्या आधीचं सुकवणं आणि घासणं हेच खरं काम, आणि लोक नेमकं तेच उरकून टाकतात.

भोक २० बाय १२ दिसतंय, पण मार तेवढ्यालाच बसलेला नाही. तो पांढरट भाग म्हणजे आतले थर एकमेकांपासून सुटलेत. रात्री होडीच्या आतून मोठा टॉर्च लावा आणि बाहेरून बघा. जेलकोटचा रंग फार दाट नसेल तर सुटलेला भाग वेगळा उठून दिसतो. नाहीतर रुपयाच्या नाण्याने वीत-वीत ठोकत या. धड फायबर टणटणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलतो तिथे मार्करने रेघ मारा. ती रेघ तुमच्या भोकाची खरी कड. तिच्या आतलं सगळं कापून काढायचं, जीव खालवर झाला तरी. मेलेल्या थरावर नवीन थर चढवला तर नवा थर धड राहतो आणि जुना त्याला घेऊन सुटून येतो.

कापल्यावर गोड्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी खारट असेल तर पावसाचं पाणी धरा. आज धुवा, उद्या धुवा, परवा परत. धाग्यांत मीठ राहिलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि तुम्हाला वाटतं होडी सुकली. मग सुकायला सोडा. सुकली की नाही ते बघायला प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा त्या जागेवर ठेवून चारी बाजू टेपने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर अजून वेळ आहे. जूनमध्ये आपल्याकडे हे लवकर होत नाही. मांडवाला आतून ताडपत्री लावा, खाली जमिनीवर पण अंथरा, कारण ओल मातीतून वर येते. एक पंखा आणि दोन हॅलोजन लावा. शेगडी किंवा स्टोव्ह आत नेऊ नका. गॅस जळताना वाफ सोडतो, आणि पुढे तिथेच अ‍ॅसिटोन आणि रेझिन उघडायचंय, ज्वाळा नकोच.

आता घासणं. फायबरच्या दुरुस्तीला कडेला उतार लागतो, जाडीच्या बारापट. तुमचं ६ मिलिमीटर, म्हणजे भोकाच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला चोहीकडे ७ सेंटिमीटरपर्यंत उतार. ३६ किंवा ४० नंबरची डिस्क लावा, शेवटचा हात ८० नंबरच्या पेपरने. बघणाऱ्याला वाटेल की एवढ्याशा भोकापायी अर्धी होडी घासली. वाटू दे. नवीन फायबर जुन्यात रासायनिक मिसळत नाही, फक्त चिकटून बसतं. जेवढी रुंद जागा धरायला द्याल तेवढं ते धरेल. काटकोनात कापलेल्या भोकात भरलेला तुकडा बाटलीच्या बुचासारखा असतो, एक जोराची लाट आली की आत जातो.

रिबची भेग सोडू नका. तुमच्या अख्ख्या वर्णनात मला सगळ्यात काळजी तिची वाटते. रिब सुटली असेल तर तळ तिथे जास्त लवेल आणि तुमचं नवीन काम पहिल्या सीझनलाच चिरेल. भेगेवरचा थर घासून उघडा. आत लाकूड असेल तर टोच्याने टोचून बघा. मऊ लागलं किंवा काळं पडलं असेल तर तेवढं लाकूड बदलावं लागेल. कोरडं असेल तर रेझिनमध्ये चिरलेलं फायबर कालवून कोपरा गोल भरा आणि वरून मॅटचे (काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचे) दोन थर, दोन्ही अंगांना तीन-तीन इंच येतील असे.

भरायचं असं. आतून सनमायकाचा तुकडा लावा, गुळगुळीत बाजू बाहेर, म्हणजे तुमच्याकडे. त्यावर मेणाचं पॉलिश तीन-चारदा घासा म्हणजे रेझिन त्याला धरणार नाही. आतून टेकू द्या, तळाच्या गोलाईला नीट बसला पाहिजे. होडी उलटी आहे हे बरंच आहे, वरून खाली काम करताना रेझिन ओघळत नाही. पहिला थर चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट, मग ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (काचेच्या धाग्यांचं विणलेलं जाड कापड), मग मॅट, असं आळीपाळीने. चार मॅट आणि तीन रोव्हिंग म्हणजे तुमचे सहा मिलिमीटर भरतात. जुन्या फायबरला लागणारा थर मॅटचाच हवा, रोव्हिंग तिथे नीट बसत नाही. सर्वात मोठा तुकडा आधी, मग एकेक लहान. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढा, पांढरं टिपूस राहता कामा नये. चार थर झाले की थांबा, गरम होऊन थंड होऊ द्या, मग पुढचे. एकदम सात थर चढवले तर आतल्या उष्णतेने तडकतं.

रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोनपट, रोव्हिंगच्या वजनाइतकं. कापून घासून झालं की जागा मोजा आणि त्या हिशोबाने आणा, थोडं जास्तच, रिबला लागेल.

वरून जेलकोट. साधा जेलकोट हवेत पूर्ण सुकत नाही, वर चिकट राहतो. त्यासाठी मेणाचं द्रावण घातलेला घ्या, किंवा लावल्यावर पातळ प्लॅस्टिकने झाका.

---

रेझिनवाली_रत्नागिरी

नाखवाकाकांनी कामाचं सांगितलंच आहे. मी दुकानात बसते, गिऱ्हाइकाला जे रोज बजावते ते इथे पण लिहिते.

रेझिन घेताना विचारा, कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायला वेग देणारं द्रावण) आधीच घातलंय का. आपल्याकडे बऱ्याचदा रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन वेगळ्या बाटल्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, एकाच चमच्याने मोजायचे पण नाहीत. पेट घेतात, स्फोट होऊ शकतो. घरात या दोन बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के. २५० ग्रॅम रेझिनला साधारण ४ ग्रॅम. अंदाजे झाकणाने घालू नका, सुई काढलेली सिरिंज आणि छोटा वजनकाटा वापरा. गरम होतंय म्हणून एक टक्क्याच्या खाली पण जाऊ नका, मग ते कधीच पुरतं कडक होत नाही. एका वेळी पाव किलोच कालवा. डब्यात साचून राहिलं की स्वतःच तापतं, धूर येतो.

हार्डनर डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. काचेचा चष्मा नाही, बाजूने बंद असलेला गॉगल. उडालंच तर लगेच पाण्याने धूत राहायचं, किमान १५ मिनिटं, आणि तसंच डॉक्टरकडे. घासताना धुळीचा चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. रेझिन लावताना मात्र धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, वाफेसाठी कोळशाची डबी असलेला लागतो. ताडपत्रीने बंद केलेल्या मांडवात ही वाफ साचते. तेव्हा सुकवताना बंद ठेवलेला मांडव रेझिन लावताना दोन बाजूंनी उघडा, आणि हॅलोजन विझवून बाजूला करा.

---

खाडीकाठचा_सुतार

नाखवा, एका गोष्टीत माझं वेगळं मत आहे. आमच्याकडे लहान तुकडा आधी आणि मोठा सगळ्यात शेवटी घालतात, म्हणजे वरचा थर सलग येतो. दुसरं, पाण्याखालचं काम आहे आणि माणसं बसणार आहेत, तर नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनऐवजी इपॉक्सी रेझिन का नको? जुन्या फायबरला इपॉक्सी कितीतरी घट्ट धरतं.

---

जुना_नाखवा

दोन्ही पद्धतीने भरलेल्या होड्या समुद्रात चालतात. मी मोठा आधी घालतो कारण उताराला सलग एकच थर चिकटतो. लहान आधी घातला की प्रत्येक थराची फक्त कड जुन्याला लागते. शिवाय शेवटी वरून घासून सपाट करताना मोठा थर वर असेल तर तोच कापला जातो.

इपॉक्सीचं तुमचं बरोबर आहे. जास्त घट्ट धरतं, महाग पडतं. खर्च झेपत असेल तर जरूर वापरा, मी अडवणार नाही. पण मग साधी मॅट चालणार नाही. मॅटचे धागे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं. मॅट ताठच राहते, वळत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं लागेल. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, त्यात कमीजास्त करून वेग बदलता येत नाही. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते, ती पुढच्या थराआधी पाणी आणि खरखरीत घासणीने धुवायची, मग पेपर मारायचा. आणि वरून जेलकोट लावू नका, इपॉक्सीवर त्याचा भरवसा नाही. दोन डब्यांचा मरीन पेंट लावा.

देवबागच्या भावासाठी मी पॉलिस्टरच सुचवेन, फक्त साधं नको, आयसो (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर) घ्या. पाण्यात ते जास्त टिकतं, किमतीत थोडाच फरक आहे.

---

देवबागची_लाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च लावून बघितलं. सुटलेला भाग नाळेकडे जवळजवळ दीड वीत गेलाय, वरून काहीच दिसत नव्हतं. वडील म्हणाले, बरं झालं पत्रा मारला नाही.

रिब घासून उघडली, आतलं लाकूड कोरडं आणि कडक आहे. गोडं पाणी मारणं चालू आहे. आयसो रेझिन घ्यायचं ठरलं.

दोन शंका. पावसाची झड लागली तर रेझिन लावायला कधी उभं राहायचं? आणि काम झाल्यावर ते पक्कं झालंय हे कसं कळणार? मला तो भाग आत पाय ठेवून बघायची पण भीती वाटते.

---

जुना_नाखवा

झड असताना लावू नका. जूनअखेर किंवा जुलैत दोन-तीन दिवसांची उघडीप मिळते, तिची वाट बघा. त्या दिवशी सकाळी लवकर सुरू करू नका, दव असतं. दहा-अकरानंतर सुरू करून तीनच्या आत थर संपवा, संध्याकाळची ओल यायच्या आत ते घट्ट झालं पाहिजे. मॅट आणि रोव्हिंग आतापासूनच घरात कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. ओली मॅट रेझिन पीत नाही, पांढरीच राहते. जुलै संपत आला आणि उघडीप मिळाली नाही, तर ऑगस्टचे चार दिवस जाऊ द्या. नारळी पौर्णिमेला होडी घालायची म्हणून ओल्यात काम करू नका. वडिलांनाही माझं हे सांगा.

पक्कं झालंय का ते असं बघा. आठवडाभर तसंच राहू द्या. मग वरचा चिकट थर पेपरने घासून काढा आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेलं फडकं जरा दाबून फिरवा. पृष्ठभाग परत चिकट झाला तर आत कच्चं आहे. अंगठ्याचं नख रुतता कामा नये. नाण्याने परत ठोका, जुन्यासारखा आवाज आला पाहिजे, उतारावरसुद्धा. होडी सुलटी केल्यावर सनमायका काढा, आतल्या बाजूला मॅटचे दोन थर अजून द्या, भोकापेक्षा चार बोटं मोठे. मग रिबच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा आणि वजन हलवा. कुठे कटकट आवाज आला तर घासून परत बघायचं.

पहिल्यांदा पाण्यात घालाल तेव्हा खाडीतच, भरतीला, दोघंच आणि इंजिन मंद. त्या जागेवर कोरडा कागद चिकटवून ठेवा, ओल आली की लगेच दिसेल. नंतर लाटेत काढा, परत कागद बघा. पर्यटक बसवायच्या आधी मेरिटाइम बोर्डाच्या (प्रवासी होड्या तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या) सर्व्हेयरला ती जागा दाखवा, आणि रंग त्यानंतरच मारा, म्हणजे त्यांना थर नीट बघता येतील. घासून झाल्यावरचा आणि प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवा, तिथे उपयोगी पडतील. उताराचा फोटो इथेही टाका, रेझिन कालवायच्या आधी मी बघतो.