'पार्टनर' मराठीत आणायचा कसा?

अर्धविराम: एका मुलाखतीचं भाषांतर करतेय. बोलणारी व्यक्ती लग्न न करता दोघांशी नात्यात आहे, सगळ्यांना सगळं माहितीये, लपवाछपवी नाही. पण तासभर नुसतं 'माय पार्टनर' चाललंय आणि हे पार्टनर बाई की बुवा ते मुद्दाम सांगितलेलं नाही. इंग्रजीत खपून जातं. मी पहिल्याच वाक्याला अडले, "माझा जोडीदार रुसला" लिहिलं की फुटलं बिंग. काय करू?

काना_मात्रा: मुळात जोडीदार कशाला? अर्धा फारसी शब्द आहे तो. सहचर, सहचारिणी असे सुंदर शब्द असताना.

अर्धविराम: अहो पण त्यातही लिंग आलंच की! तीच तर अडचण आहे.

वाचकिडा: फारसी नाही हो, जोडीदारातला 'दार' म्हणजे संस्कृत दारा, बायको. जोडीला बायको असलेला तो जोडीदार.

उगाचच: 😂 मग दुकानदार म्हणजे दुकानाची बायको का? दुकानदार, जमीनदार, जोडीदार सगळीकडे तोच फारसी 'दार', बाळगणारा. आणि संस्कृतातला बायकोवाला 'दार' चक्क पुल्लिंगी, तोही कायम बहुवचनात. भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी. एकाच बायकोला तिन्ही लिंगं, त्यांना नसती आली ही अडचण.

रिकामटेकडी: लिंगावरून आठवलं. माझी आत्या लग्न न करता एकांबरोबर 28 वर्षं राहिली, घरातले 'मिस्टर तरी म्हण' म्हणून मागे लागायचे, तिने कधी म्हटलं नाही. फोनवर बोलता बोलता बेल वाजली की म्हणायची, "ठेवते गं, माझं माणूस आलं." बस. आलं! आला नाही, आली नाही. लहानपणी मला ते व्याकरण चुकल्यासारखं वाटायचं, आता वाटतं याहून नेमका शब्द कुठे सापडणार.

अर्धविराम: अरे वा. "माझं माणूस रुसलं." चालतंय की!

काना_मात्रा: माणूस पुल्लिंगी आहे. तो माणूस.

रिकामटेकडी: 'एकटं बाईमाणूस' म्हणता ना? की एकटा बाईमाणूस?

काना_मात्रा: ती बोली झाली. शिवाय 'ते माणूस' यात हिणवणं आहे, 'ते कार्टं'सारखं.

उगाचच: लेकरू, पाखरू, पिल्लू पण नपुंसकलिंगीच, त्यात कुठे हिणवणं? माझी शंका वेगळीच आहे, 'आपलं माणूस' म्हणजे चुलतभाऊही होतो आणि ओळखीतला क्लार्कही होतो, त्यात प्रेमाबिमाचं कळणार कसं?

रिकामटेकडी: 'आपलं' वेगळं आणि 'माझं' वेगळं. आत्या 'आपलं' म्हणायची नाही.

वाचकिडा: लिव्ह-इनला सहजीवन म्हणतात तसं सहजीवी म्हणा ना.

उगाचच: सहजीवी म्हटलं की मला शाळेतली शैवाल आणि बुरशी दिसते. रोमान्सच संपला.

अर्धविराम: बरं, पार्टनर दोन आहेत. एकत्र उल्लेख असेल तिथे 'माझी दोन माणसं' लिहू? की ते घरातली कामाची माणसं वाटतील? 'आम्ही तिघं' मात्र मस्त बसतंय, तिघे नाही, तिघी नाही.

वाचकिडा: 'यार' का नको? शुद्ध आपला आहे, संस्कृत जारवरून आलेला. य आणि ज ची अदलाबदल होतेच, यात्रेची जत्रा झाली.

उगाचच: तिथे य चा ज झालाय. तुम्हाला ज चा य हवाय, गाडी उलटी चाललीये. यार फारसी आहे, मित्र. आणि मराठीत "तिचा यार" म्हणून बघा, मुलाखत देणारी व्यक्ती केस टाकेल.

काना_मात्रा: पुन्हा फारसी.

अर्धविराम: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय हो. दोन माणसांचं कोणीतरी सांगा.

वाचकिडा: सांगतो, पण योगाचं जोग झालं ते आधी बघा...