इटलीत पाच जणांची रेल्वे तिकिटं: आत्ता काढू की व्हिसा आल्यावर?

भातुकली
मिलानला उतरून व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. परतीचं विमान रोमहून. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६९, गुडघे दुखरे), मुलं १३ आणि ९ वर्षांची. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. व्हिसाची फक्त अपॉइंटमेंट मिळाली आहे. जमलं तर फ्लॉरेन्सहून पिसा. सगळ्या गाड्यांचे मिळून ४०० युरोच्या वर जायचं नाही. तिकिटं आत्ता काढू?

रुळांतर
आत्ताच. फ्रेचारोसा आणि इटालो या वेगवान गाड्यांचे दर विमानासारखे चढतात. मिलान–व्हेनिस सुपर इकॉनॉमी, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीट, मिळाली तर वीस-पंचवीस युरो, बेस म्हणजे नेहमीचा पूर्ण दर पंचेचाळीसच्या पुढे. विक्री साधारण चार महिने आधी उघडते. शोधताना स्टेशनांची इटालियन नावं टाका: मिलानो चेंत्राले, वेनेत्सिया सांता लुचिया, फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला, रोमा तेर्मिनी. १ नोव्हेंबरला तिथे सणाची सुट्टी असते, त्या आगेमागे स्वस्त जागा लवकर संपतात.

पेन्शनर_पंचाहत्तर
सासूबाईंना घेऊन जाताय तर बिझनेस क्लास काढा. रुंद खुर्ची, पाय पसरायला जागा. पैशांकडे किती बघायचं?

भातुकली
काका, ४०० युरो लिहिलंय वर.

खमंग_काकडी
युरेल पास काढा, एकाच पासवर युरोपातल्या गाड्या, झंझटच नाही.

रुळांतर
झंझट वाढते. पास असला तरी फ्रेचारोसात सीटचं आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे, आणि इटालोत पास चालत नाही. तीन प्रवासांसाठी पास म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

सह्यकडा
व्हिसा नसताना सुपर इकॉनॉमी काढायचा सल्ला कोण देतंय? ती ना बदलता येते, ना परत करता येते. व्हिसा पाच दिवस उशिरा आला की पाचही तिकिटं रद्दी. अर्जासोबत प्रवासाचा आराखडा लागतो, त्यासाठी शहरांमधल्या गाड्यांची तिकिटं काढून ठेवायची गरज नाही.
शिवाय मुलं १५च्या आतली आहेत. त्रेनितालिया, म्हणजे फ्रेचारोसा चालवणारी सरकारी रेल्वे कंपनी, तिची बिंबी ग्रातिस म्हणून योजना आहे: दोन ते पाच जण, निदान एक मोठा माणूस, मुलांचं तिकीट फुकट, मोठ्यांना बेस दर. बेस तिकीट गाडी सुटेपर्यंत बदलता येतं. सगळ्यांचं बुकिंग एकाच वेळी करायचं. मात्र या योजनेतल्या जागा मोजक्या असतात.

रुळांतर
तीन मोठ्यांचे तीन टप्पे बेस दराने म्हणजे साडेचारशेच्या घरात. बजेट गेलं.

सह्यकडा
आणि पाच जणांची सुपर इकॉनॉमी पंचवीसने धरली तर पावणेचारशे. त्यात पिसा नाहीच. फरक किती उरला?

खमंग_काकडी
व्हेनिसला मेस्त्रेत राहा, हॉटेल स्वस्त पडतं.

पेन्शनर_पंचाहत्तर
मेस्त्रे म्हणजे व्हेनिस नव्हे! व्हेनिसला जाऊन मुख्य भूमीवर झोपायचं?

खमंग_काकडी
लोकल गाडी दहा मिनिटांत सांता लुचियाला नेते, तिकीट दीड युरोच्या आसपास. बॅगा घेऊन पूल चढण्यापेक्षा बरं.

रुळांतर
पूल चढायला लागतात हे खरं. पण धागा तिकिटांचा आहे.

तळ्यातमळ्यात
रेजोनालेचा, म्हणजे साध्या प्रादेशिक गाडीचा, कुणी विचारच केला नाही. तिचा दर अंतरावर ठरतो, आज काढा की गाडीच्या आधी दहा मिनिटं, तेवढाच. आरक्षण नाही, जागा मिळेल तिथे बसायचं. चार ते बारा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट. फ्लॉरेन्स–पिसा तासाभराचा प्रवास, त्याला दुसरं काही बघूच नका.
कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का उमटवायचा. उमटल्यापासून चार तास चालतं. न उमटवलेलं तिकीट म्हणजे दंड, पर्यटक असल्याची सबब चालत नाही. ॲपवरचं तिकीट असेल तर चढण्याआधी चेक-इन दाबा. फ्रेचारोसाला यातलं काहीच लागत नाही, म्हणून लोक गोंधळतात.
फलकावर शेवटचं स्टेशन असतं. व्हेनिसहून फ्लॉरेन्सला जाणारी गाडी 'नापोली' म्हणूनही लागेल. गाडी क्रमांकावरून ओळखा. फलाट, म्हणजे 'बिनारियो', बहुतेक वेळा सुटायच्या थोडंच आधी कळतो.

सह्यकडा
+१. आणि 'शोपेरो' हा शब्द पाठ करा. संप. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रेजोनाले गाड्यांची किमान सेवा हमीने चालते. सुट्टीच्या दिवशी ही हमी नसते.

खमंग_काकडी
कार्डवर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. रोमिंग नसेल तर ओटीपी येणार नाही. मग स्टेशनवरचं यंत्र आणि पिन. यंत्रापाशी 'मदत' करायला येणाऱ्यांना हात जोडा, ते पैसे मागतात.

भातुकली
सगळ्यांचे आभार. ठरलं: व्हिसा हातात येईपर्यंत एकही तिकीट नाही. मिलान–व्हेनिस रेजोनालेने, व्हेरोनाला बदलून. फ्लॉरेन्स–रोमही रेजोनालेने, साडेतीन-चार तास लागले तरी. धाकट्याचं अर्धं धरून पाचही जणांचे मिळून दर टप्प्याला शंभरएक युरो. व्हेनिस–फ्लॉरेन्स मात्र वेगवान, बिंबी ग्रातिसने, कारण रेजोनालेने तिथे बोलोन्या आणि प्रातो असे दोनदा उतरावं लागतं. त्याचे १६५ धरले. पिसा रद्द.

रुळांतर
पिसा रद्द आणि सासूबाईंना व्हेरोनात बॅगांसकट गाडी बदलायला लावणार? दोन टप्प्यांचे तास मोजलेत का?

भातुकली
मोजले. घाईची जोडगाडी धरणार नाही. एक सुटली तर त्याच तिकिटावर पुढची, ती साधारण तासाने असतेच. सासूबाईंना विचारलं, म्हणाल्या, "खिडकी मिळणार ना?"

पेन्शनर_पंचाहत्तर
बिझनेसमध्ये खिडकी आधीच निवडता येते.