सुट्टीवर आलेला नवरा घरात असून नसल्यासारखा

जुळे_सोलापूरची_सून:
मिस्टर फौजेत नाईक आहेत. सध्या काश्मीरला आरआरमध्ये (राष्ट्रीय रायफल्स), म्हणजे फॅमिली नेता येत नाही. मी इथं सासू-सासरे आणि मुलीबरोबर. फोनवर छान बोलतात, पण यंदा गड्ड्याच्या जत्रेला सुट्टीवर आले ते वेगळेच. रात्री उठून दाराची कडी बघतात. होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो, तर अर्ध्यातच मुलीला माझ्याकडे देऊन निघून गेले. जवळ येत नाहीत. आले तर जमत नाही, मग दोन दिवस अबोला. मित्राने मेडिकलमधून कसली तरी गोळी आणून दिलीय. बाहेर कुणी असेल का, असंही मनात येतं. कुणाशी बोलू?

मोहोळचा_माजी_हवालदार:
ताई, बाहेर कुणी आहे-नाही ते मी इथून कसं सांगणार? पण तुम्ही लिहिलंय ते बराकीत खूप पाहिलंय. तिकडं झोप तुकड्यातुकड्यात मिळते. संतरी ड्यूटी, रात्रीची गस्त, अँबुश म्हणजे दबा धरून बसणं. अंगाला जागं राहायची सवय लागते, ती पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलं म्हणून सुटत नाही.

आणि खरं सांगू का, सुट्टी घरचेच खातात. कागदावर वर्षाला ६० दिवस एएल (वार्षिक रजा) अन् ३० दिवस सीएल (किरकोळ रजा). माणूस पोचायच्या आधीच यादी तयार: बांधाचं भांडण, तलाठ्याकडचा उतारा, मेहुण्याचं लग्न, तुळजापूरचा नवस. त्यात तुम्ही घर एकटीनं चालवायला शिकलेल्या. गॅस, शाळेची फी, सगळं. त्याला आपल्याच घरात पाहुण्यासारखं होतं, वस्तू कुठं ठेवल्यात तेही विचारावं लागतं. मग रात्रीची जवळीकही हजेरीसारखी वाटायला लागते. हजेरीची धास्ती असली की अंग साथ देत नाही, हे कुठल्याही जवानाला विचारा. (विचारलं तर सांगणार नाही, ते सोडा.)

डॉक्टरकडं जात नाहीत ते 'कॅटेगरी'च्या, म्हणजे मेडिकल दर्जा खाली येण्याच्या भीतीनं. प्रमोशन अडकेल, युनिटमध्ये बोभाटा होईल. भीती अगदीच खोटी नाही. पण झोप उडालेल्या माणसानं हत्यार घेऊन पोस्टवर उभं राहणं त्याहून वाईट, हे आरएमओला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरलाही कळतं.

निवृत्त_सिस्टर:
ती गोळी आधी काढून घ्या. हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी एकदम कोसळतं. शुगर, बीपी, थायरॉइड तपासा. गरज वाटली तर डॉक्टर हार्मोनची तपासणीही सांगतील. रम किती चालते तेही बघा. पहिल्या पेगला धीर येतो, पुढच्यांना अंग गळतं. झोपेच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का? त्यातल्या काहींनी इच्छा कमी होते. मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. दचकणं, स्वप्नं, चिडचिड महिनाभरानंतरही टिकली तर मानसोपचारवाल्यांना दाखवाच, सिव्हिलमध्ये ओपीडी आहे. आणि काही दिवस संबंधांचा विषयच बाजूला ठेवा. नुसतं शेजारी पडून गप्पा मारा, हात धरा. 'आज तरी?' हा प्रश्न डोळ्यांनीसुद्धा विचारू नका.

जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

जुळे_सोलापूरची_सून:
स्वप्नं पडतात, ओरडतात. गोळी मी लपवली आहे. पण दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात.

मोहोळचा_माजी_हवालदार:
मग फोनवरून सुरू करा. १४४१६, टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फौजेसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याला एएफएमसीत (फौजेचं मेडिकल कॉलेज) तिचा वेगळा कक्षही सुरू झालाय. त्यांच्या आधी तुम्ही फोन केला तरी चालतो.

जुळे_सोलापूरची_सून:
आज दुपारी करते. पण दोघांनाच निवांत बसायचं तर घरात जागा कुठाय? सासूबाई हॉलमध्ये, मुलगी आमच्यात.

निवृत्त_सिस्टर:
मुलीला आजीजवळ ठेवा आणि अक्कलकोटला दर्शनाला म्हणून निघा. मुक्काम करून या. स्वामींचं नाव काढल्यावर सासूबाई नाही म्हणायच्या नाहीत.