पर्याय खुले ठेवणे म्हणजे निर्णय टाळणे नव्हे
अभियांत्रिकी प्रकल्पात ‘अनेक आराखडे समांतर चालवणे म्हणजे निव्वळ दुप्पट खर्च’ असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. अपोलो मोहिमेत चंद्रावर थेट उतरायचे, की पृथ्वीच्या किंवा चंद्राच्या कक्षेत यानांची जोडणी करायची, याची तुलना बराच काळ चालली आणि नासाने चंद्रकक्षेचा पर्याय जुलै १९६२ मध्ये जाहीर केला. दरम्यान एफ-१ या महाकाय रॉकेट-इंजिनाचे काम मात्र थांबले नव्हते. खर्च फुगतो तो प्रत्येक पर्याय शेवटपर्यंत सविस्तर रेखाटल्यामुळे. वजनाच्या किंवा उष्णतेच्या मर्यादेत न बसणारा पर्याय चाचणीनंतर लगेच वगळायचा असतो, पण वगळण्याचा निकष आधी लिहून ठेवण्याचा कंटाळा (हा दोष बहुधा व्यवस्थापनाचाच) सगळे बिघडवतो.