मेंढीकोट: पहिली उतारी एक्क्याचीच का?
मेंढीकोट म्हणजे दोन-दोन भिडूंच्या जोड्यांनी दश्श्या (दहाची पानं) जिंकायचा पत्त्यांचा खेळ; उतारी म्हणजे फेरीत टाकलेलं पहिलं पान. कुणीतरी लिहिलंय, ‘हातात एक्का असेल तर पहिली उतारी त्याचीच.’ अर्धं बरोबर आहे. त्या रंगाची तीन-चार पानं असतील तर एक्का टाका. भिडूकडे दश्शी असली तर तो बिनधास्त देतो. पण सहा-सात पानं असतील तर उरलेली सहा-सातच तिघांत वाटलेली. त्यातला एखादा विरोधक त्या रंगात कोरा (एकही पान नसलेला) निघाला आणि त्याने हुकूम मारला की एक्का गेला, वर भिडूने घातलेली दश्शीही गेली. कट हुकुमात (जिथे हुकूम आधी ठरलेला नसतो) तर त्याने टाकलेल्या पानाचा रंग हाच हुकूम!

कट हुकुमात एकटं बारीक पान उतरणं जास्त फायद्याचं. तो रंग परत आला की हुकूम तुम्ही ठरवता, अर्थात तुमच्या लांब रंगाचा. मात्र भिडूने हात (फेरी) घेऊन तोच रंग परत फिरवायला हवा, आणि तिथेच बहुतेक डाव बिघडतात. बंद हुकुमात हुकूम आधीच ठरवून झाकलेला, त्यामुळे ही युक्ती फक्त हुकमाने कापण्यापुरती.

दश्शीची उतारी? वरची चारही पानं हातात असतील तरच, आणि तेव्हाही घाई कशाला.

यंदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत सोलापुरात डाव मांडाल तेव्हा कट की बंद, हे पानं वाटण्याआधी ठरवा.